आधी कृती, मग कौतुक!

मित्रांनो, मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेय, तेव्हा मराठी जरा सांभाळून घ्या. पण मुद्दा महत्त्वाचा आहे.

सेमिनारसाठी विषय शोधताना 'मॅक्सीन' हे नाव आजकाल हमखास समोर येतं. मॅक्सीन म्हणजे टायटॅनियमसारखा संक्रमण धातू आणि कार्बन यांचे जेमतेम एक नॅनोमीटर जाडीचे पापुद्रे. २०११ साली अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात नागीब, गोगोत्सी, बारसूम आणि सहकाऱ्यांनी ते प्रथम बनवले. टायटॅनियम, अ‍ॅल्युमिनियम आणि कार्बनचे थर असलेली पावडर त्यांनी हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिडमध्ये टाकली. अ‍ॅसिडने अ‍ॅल्युमिनियम खाल्लं, आणि उरले टायटॅनियम कार्बाइडचे पापुद्रे!

गुण खरोखरच थक्क करणारे आहेत. धातूसारखी वीज वाहते, पाण्यात सहज मिसळतं. २०१६ मध्ये ४५ मायक्रोमीटरच्या फिल्मने विद्युतचुंबकीय लहरी ९२ डेसिबलने रोखल्या. म्हणजे शंभर कोटीतला एक भागही पलीकडे गेला नाही. सुपरकपॅसिटर, बॅटरी, सेन्सर अशी उपयोगांची यादी तर लांबतच जाते.

पण आपण नेमके इथेच चुकतो, असं माझं स्पष्ट मत आहे. 'कृती'ची स्लाइड पाच सेकंदांत सरकवायची आणि 'उपयोग' दहा मिनिटं सांगायचे! अहो, पापुद्र्यावर फ्लोरिन, ऑक्सिजन की हायड्रॉक्सिल चिकटणार, हे कृतीच ठरवते आणि त्यावरच गुण बदलतात. शिवाय पाण्यात ठेवलेलं हे मॅक्सीन हळूहळू टायटॅनियम डायऑक्साइड होऊन बसतं, हे कोण सांगणार?

दुसरी गोष्ट जिवाची. हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड कातडीतून आत शिरून शरीरातलं कॅल्शियम धरतं. ते सौम्य असेल तर कधीकधी वेदना काही तासांनी सुरू होतात. २०१४ ची लिथियम फ्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडची पद्धत 'सेफ' समजू नका, कारण तेच अ‍ॅसिड तिथे भांड्यातच तयार होतं. २०२३ मध्ये शिकागो विद्यापीठाच्या गटाने मिथेन आणि टायटॅनियम टेट्राक्लोराइडच्या वाफेपासून थेट मॅक्सीन वाढवून दाखवलं. म्हणजे वेगळी वाट निघू शकते. पण ती काढतो कोण? कृतीवर डोकं खपवणारा!

म्हणून फायनल इयरवाल्यांनो, फ्यूम हूड, कॅल्शियम ग्लुकोनेट जेल आणि शेजारी जाणकार माणूस नसेल तर हा प्रोजेक्ट घेऊच नका. आणि सर-मॅडम, व्हायव्हात पहिला प्रश्न 'उपयोग काय?' नको. 'बनवलं कसं, आणि उरलेल्या अ‍ॅसिडचं काय केलं?' हा विचारा.

पटतंय का बघा!