अण्णांची सायकल कोणत्या सालची?

गेल्या महिन्यात खडकीला एका ओळखीच्या घरी जाणं झालं. चहा व्हायच्या आतच घरातला तरुण मुलगा मला मागच्या पडवीत घेऊन गेला. भिंतीला टेकून एक काळी, उंच, दांडीच्या ब्रेकची सायकल उभी होती. मुलगा म्हणाला, ‘‘काका, तुम्ही फिटर होता. ही किती जुनी आहे ते सांगा. एक जुन्या वस्तूंचा व्यापारी येऊन गेला. इंग्रजांच्या काळातली असेल तर चांगले पैसे देतो म्हणाला, नाहीतर भंगाराचा भाव.’’

त्याची आत्या दारातच उभी होती. वय सत्त्याहत्तर. ती म्हणाली, ‘‘विचारायचं काय त्यात? स्वराज्य मिळालं त्या साली अण्णांनी घेतली. आई सांगायची.’’

म्हणजे १९४७. आत्याला तसं वाटत होतं, भाच्याला तसं हवं होतं. मी म्हटलं, ताई, आधी सायकलला विचारू.

वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी अशी एखादी सायकल माळ्यावर किंवा जिन्याखाली पडलेली असते. कारखान्यात, गिरणीत, रेल्वेच्या वर्कशॉपात जाणाऱ्या माणसाची ती पहिली मोठी खरेदी. पावती क्वचितच सापडते. या घरातली कागदपत्रं १२ जुलै १९६१ ला पानशेतच्या पुरात गेली, तेव्हा हे कुटुंब नदीकाठच्या वस्तीत राहत होतं. म्हणून सायकलीच्या अंगावर काय लिहिलं आहे तेच वाचायचं. त्यासाठी रॉकेलचा बोळा, जुना टूथब्रश आणि मोबाईलचा उजेड एवढं पुरतं. पॉलिशपेपर मात्र लावू नका. गंजाबरोबर अक्षरंही जातात.

पहिल्यांदा बघायची ती हँडलच्या खालच्या नळीवरची कंपनीची पट्टी. आमच्या पट्टीवर ‘हर्क्युलस’ दिसलं आणि मुलगा खूश झाला. हर्क्युलस ही बर्मिंगहॅमची कंपनी, १९१० साली निघालेली, आणि तिच्या सायकली स्वातंत्र्याच्या आधीपासून आपल्याकडे येत होत्या. पण नुसत्या नावावर जायचं नसतं. नाव इंग्लंडचं आणि सायकल इथली, असं पुष्कळदा असतं. खरं बोलतं ते गावाचं नाव. आणखी पुसल्यावर खालची ओळ उजळली : टी. आय. सायकल्स ऑफ इंडिया, मद्रास.

ही कंपनी इंग्लंडच्या ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स आणि मद्रासच्या मुरुगप्पा घराण्याने मिळून १९४९ साली काढली. मद्रासजवळ अंबत्तूरच्या कारखान्यातून हर्क्युलस सायकली बाहेर पडू लागल्या त्या १९५१ मध्ये. तेव्हा ही सायकल १९५१ च्या आधीची असूच शकत नाही.

मुलाचा चेहरा पडला. आत्या काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘म्हणजे अण्णा खोटं बोलले?’’

मी म्हटलं, ताई, घाई करू नका. अजून अर्धंच झालं आहे.

सायकलीचं वय काढताना दोन टोकं शोधायची असतात. एक, ज्याच्या आधीची ती नाही. दुसरं, ज्याच्या नंतरची ती नाही. पहिलं टोक पट्टीने दिलं. दुसरं मिळालं पुढच्या चाकाच्या धुरीजवळ, तारेत ओवलेल्या तीन-चार पत्र्याच्या चकत्यांत. तरुण वाचकांना हे माहीत नसेल. पूर्वी गावोगावच्या नगरपालिका सायकलवर कर घेत आणि तो भरल्याचा बिल्ला देत. त्यावर वर्ष आणि नंबर ठोकलेला असे. बिल्ला नसला की सायकल अडवली जाई. काहीजण जुना बिल्ला काढून फेकत, अण्णांसारखे काहीजण एकावर एक लावत जात. सर्वांत खालचा बिल्ला काळा पडला होता. चिंचेच्या कोळाने घासल्यावर आकडे वाचता आले : १९५७-५८.

आता सायकल १९५१ ते १९५८ च्या मध्ये अडकली. पट्टी खोटं बोलत नाही आणि बिल्ल्याला खोटं बोलायचं कारण नाही. बाकीच्या भागांवर मात्र विसंबू नये. टायर, सीट, पायडल, साखळी, मडगार्डसुद्धा दहा वेळा बदललेली असतात. या सायकलीचं मागचं चाक तर सरळसरळ नंतरचं आहे. नव्या सीटवरून सायकल नवी ठरवणं म्हणजे नव्या चपलेवरून माणसाचं वय सांगण्यासारखं! सीटच्या दांड्याजवळ किंवा पायडलच्या धुरीखाली फ्रेमचा नंबर ठोकलेला असतो. तो खडू घासून वाचून ठेवा, पण कारखान्याची नोंदवही हाताशी नसेल तर त्याच्यावरून साल निघत नाही.

ज्यांच्याकडे दुसऱ्या कंपनीची सायकल आहे त्यांच्यासाठीही थोडं सांगतो. रॅलेच्या पट्टीवर नॉटिंगहॅम असेल तर ती इंग्लंडची. सेन-रॅले आणि आसनसोल असेल तर बंगालची, १९५० नंतरच्या दशकातली किंवा त्याहून अलीकडची. ॲटलासचा सोनीपतचा कारखाना १९५१ चा, लुधियान्याच्या हीरोची सायकल १९५६ पासूनची. ‘हिंद’ नावाची सायकल आपल्या मुंबईतली, वरळीच्या कारखान्यातली. तो कारखाना आणि सेन-रॅले हे दोन्ही सरकारने १९८० साली एकाच कायद्याने ताब्यात घेतले. बीएसएच्या दातेरी चाकात ती तीन अक्षरं कापलेली असतात आणि खूण म्हणून तीन बंदुका असतात, पण बीएसए पुढे मद्रासलाही होऊ लागली, म्हणून तिथेही गावाचं नाव शोधाच.

आणि एखाद्याच्या नशिबाने मागच्या चाकात तीन गियरचा स्टर्मी-आर्चर हब असेल, तर त्याला फार त्रासच नाही. महायुद्धानंतरच्या या हबवर साल आणि महिना ठोकलेला असतो. ‘५४ ३’ म्हणजे १९५४ चा मार्च. अर्थात ते वय हबचं. चाक मूळचं आहे याची खात्री आधी करायची.

जुनी पावती मिळालीच तर रक्कम बघा. रुपये, आणे, पै असतील तर ती बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीची, कारण त्या दिवसापासून नवे पैसे आले. बहुधा म्हणतो, कारण दुकानदारांच्या तोंडून आणे सुटायला पुढे बरीच वर्षं लागली.

पुन्हा खडकीकडे वळतो. आत्याला मी विचारलं, तुम्हाला ही सायकल पहिल्यांदा कधीची आठवते? साल नको, प्रसंग सांगा. ती म्हणाली, ‘‘दीक्षेला निघाले तेव्हाची. मी आठ वर्षांची. कॅरिअरला वळकटी बांधली होती. मला पुढच्या दांडीवर बसवून कोपऱ्यापर्यंत नेलं आणि खाली उतरवलं. मी रडले. सायकल स्टेशनजवळ मामाकडे ठेवून अण्णा नागपूरच्या गाडीत बसले.’’

म्हणजे ऑक्टोबर १९५६. आठ वर्षांच्या मुलीच्या आठवणीला बिल्ल्याइतका पुरावा मानता येणार नाही. पण ही आठवण दोन टोकांच्या बरोबर मध्ये बसते. सायकल १९५१ ते १९५६ मधली, असं मी मुलाला वहीवर लिहून दिलं.

आणि स्वराज्याच्या सालचं काय? आत्या स्वतःच विचार करून म्हणाली, ‘‘त्याआधी अण्णा भाड्याची सायकल न्यायचे. आई तासाच्या पैशावरून बोलायची.’’ तेव्हा १९४७ मध्ये अण्णा सायकलवर बसले हे खरं असेल, फक्त ती सायकल ही नव्हे. दोन सायकली आईच्या बोलण्यात एक झाल्या असतील. घरोघर असं होतं.

व्यापारी पुढच्या रविवारी आला. मुलाने त्याला पट्टी दाखवली, बिल्ला दाखवला आणि वहीतलं सालही खरं ते सांगितलं. मद्रासचं नाव वाचल्यावर त्याने भाव निम्म्यावर आणला. आत्याने आतून विचारलं, ‘‘निम्मे म्हणजे किती?’’ आकडा ऐकून ती बाहेर आली आणि सायकलचं हँडल धरून उभी राहिली. व्यापारी चहा घेऊन गेला.

आता मुलाला ती चालती करायची आहे. डाव्या पायडलची कॉटर पिन झिजली आहे. मापाची मिळाली की मी बसवून देणार आहे.