सहल कोणाच्या पावलांनी?

पहिला दमदार पाऊस झाला, की मावळातील घराघरांतून एकच प्रश्न विचारला जातो : रविवारी कोठे जायचे? भुशी धरण, भाज्याचा धबधबा ही नावे आपोआप ओठांवर येतात. वडगाव मावळच्या एका तीन पिढ्यांच्या कुटुंबातही यंदा हाच विषय निघाला. नातवंडांना पाण्यात खेळायचे होते. आजोबांनी मात्र दोन तारखांचे स्मरण करून दिले.

३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागील धबधब्यात अकस्मात लोंढा आला आणि सहलीस आलेल्या एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यांत चार मुले होती. १५ जून २०२५ रोजी कुंडमळ्यातील इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांनी भरलेला असताना कोसळला आणि चौघांचा बळी गेला. दोन्ही दिवस रविवार होते. डोंगरमाथ्यावर कोसळलेला पाऊस खाली येईपर्यंत खालच्या माणसाला त्याची चाहूलही नसते. धबधब्यात उभे असलेले चार वर्षांचे मूल अशा वेळी पळू शकत नाही. म्हणून सहलीचा बेत घरातील सर्वांत धडधाकट माणसाकडे पाहून नव्हे, तर सर्वांत दुर्बळाकडे पाहून करावा, असे आजोबांचे म्हणणे पडले.

या कसोटीवर निवड झाली ती कात्रजच्या डोंगरपायथ्याशी असलेल्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयाची. पुणे महानगरपालिकेचे हे संग्रहालय सुमारे १३० एकरांत पसरलेले असून त्यातच कात्रजचा विस्तीर्ण तलाव आहे. १९५३ साली सुरू झालेल्या पेशवे उद्यानातील प्राणी पुढे येथे हलविण्यात आले. वाघ, सिंह, हत्ती, गवा, अस्वल, सांबर आणि सर्पोद्यान अशी पाहण्यासारखी पुष्कळ स्थळे येथे आहेत.

मग वही उघडली गेली. संग्रहालय बुधवारी बंद असते. रविवारी गर्दी उसळते. म्हणून शनिवार ठरला. मोटारीने जुन्या महामार्गावरून देहूरोड व तेथून बाह्यवळण मार्गाने थेट कात्रज गाठता येते. लोकलने शिवाजीनगर, मेट्रोने स्वारगेट आणि पुढे बस, हा दुसरा पर्याय. दुपारी या लोहमार्गावर गाड्या विरळ असल्याने परतीची वेळ आधीच टिपून ठेवली. आजींच्या गुडघ्यांचा विचार करून सारे संग्रहालय पाहण्याचा हट्ट सोडला. मुलांनी प्रत्येकी तीनच प्राणी निवडायचे आणि मध्ये विसावा घ्यायचा. दशम्या, चटणी, उकळून गाळलेले पाणी, छत्र्या व कोरड्या कपड्यांचा एक जोड एवढेच सामान. सूर्यास्तापूर्वी घरी जेवण व्हावयाचे असल्याने तीनच्या ठोक्याला बाहेर पडणे ओघानेच आले.

इतक्यात आजींनी विचारले, “घरी मुंगीलाही जपा म्हणायचे आणि मुलांना कोंडलेला वाघ दाखवायला न्यायचे, हे कसे?” प्रश्न टाळण्याजोगा नव्हता. सूनबाईंनी सांगितले की, तेथे वन्यप्राण्यांचे अनाथालयही आहे. जखमी व पोरक्या जिवांवर उपचार होतात, आणि जे जगण्यास समर्थ होतात त्यांना पुन्हा रानात सोडले जाते. आजींचे पूर्ण समाधान झाले नाही, तरी त्या यायला तयार झाल्या. मात्र त्यांनी एक अट घातली : पिंजऱ्यापुढे कोणी ओरडायचे नाही, काचेवर टकटक करायची नाही, काही खायला टाकायचे नाही.

ही अट केवळ आजींची नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेही प्राणिसंग्रहालयातील प्राण्यांना चिडविणे, खाद्य घालणे, गोंगाटाने त्रास देणे व तेथे कचरा करणे यांस मनाई केली आहे. धबधब्याकाठी जे स्थान लहान मुलाचे, तेच कुंपणाआड प्राण्याचे. दोघांनाही तेथून दूर निघून जाता येत नाही.

वहीच्या शेवटच्या ओळीत धाकट्या नातवाने स्वतःच्या अक्षरात भर घातली : “हत्तीजवळ आजीला बसायला बाक शोधणे.” आजोबांनी त्याखाली रेघ ओढली आणि वही मिटली.