तीन प्रती असूनही रिपोर्ट अडतो

विश्रांतवाडीतल्या एका छोट्या पॅथॉलॉजी लॅबचे संगणक मी शेजारधर्म म्हणून सांभाळतो. एक जुना इंटेलचा डेस्कटॉप आणि तीन तळहाताएवढे रास्पबेरी पाय, म्हणजे मोबाइलसारखे आर्म जातीचे प्रोसेसर असलेले संगणक, अशी चार यंत्रे तिथे एकत्र जोडलेली आहेत. गेल्या पावसाळ्यात डेस्कटॉपचा पॉवर सप्लाय जळाला. रुग्णांची माहिती मात्र शाबूत राहिली. चारही यंत्रांच्या डिस्कचे सॉफ्टवेअरने एकच कोठार केले होते आणि प्रत्येक नोंदीच्या तीन प्रती वेगवेगळ्या यंत्रांवर होत्या. तरी दुपारभर एकही रिपोर्ट निघाला नाही. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन असलेले एक आजोबा बाकावर बसून होते.

आजचे प्रोग्रॅम कंटेनरमध्ये, म्हणजे सगळी सामग्री भरलेल्या बंद डब्यात येतात. कुबरनेटीस हे मुकादम सॉफ्टवेअर एक यंत्र पडले की साधारण पाच मिनिटांनी तो डबा दुसऱ्यावर उघडते. इथेही उघडला, पण ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ असे म्हणून मिटला. आतल्या सूचना फक्त इंटेलच्या भाषेत होत्या! माहितीला प्रोसेसरची जात नसते, प्रोग्रॅमला असते. तीन प्रती होत्या, पण त्या वाचणारा एकच.

मग सगळी यंत्रे एकाच जातीची घ्या, असे विक्रेते सांगतात. मला ते पटत नाही. जुने चालते यंत्र भंगारात का टाकायचे, आणि कमी वीज खाणारे नवे का नाकारायचे? पुण्याने तर हे फार आधी पाहिले आहे. १९८८ साली इथे स्थापन झालेल्या सी-डॅकचा १९९१चा परम ८००० ट्रान्सप्युटर चिपवर चालत होता, परम १०००० अल्ट्रास्पार्कवर, परम पद्म आयबीएमच्या पॉवर प्रोसेसरवर आणि २००८चा परम युवा इंटेलवर. आता त्याच संस्थेचे ‘वेगा’ प्रोसेसर रिस्क-फाइव्ह या आणखी वेगळ्या रचनेचे आहेत. चिप बदलत राहणार.

एकाच नावाखाली दोन्ही जातींचे डबे ठेवता येतात आणि यंत्र आपल्याला चालणारा उचलते. पोस्टग्रेससारखे नावाजलेले डेटाबेस कधीपासून असेच मिळतात. नकलाकार सॉफ्टवेअर मध्ये घालून इंटेलचा डबा आर्मवर चालवता येतो, पण तो इतका रेंगाळतो की गर्दीच्या वेळी उपयोग नाही. दुहेरी चाचणीचा खर्च वाढतो, हे विक्रेत्यांचे म्हणणे खरे आहे. दशांशांच्या हिशेबात दोन प्रोसेसरांत किंचित फरक पडू शकतो, म्हणून रक्ताच्या आकड्यांसाठी ती चाचणी टाळूही नये. पण तो खर्च विकणाऱ्याने आधी करायचा, की बाकावरच्या आजोबांनी नंतर?

आमच्या लॅबने नव्या करारात एक अट घातली आहे: पैसे देण्यापूर्वी विक्रेत्यासमोर डेस्कटॉपची पिन काढायची आणि दहा मिनिटांत रिपोर्ट छापून दाखवायचा. शिवाय रोज रात्री एक वेगळा बॅकअप या कोठाराबाहेरच्या डिस्कवर जातो, कारण चुकून पुसलेली नोंद तिन्ही प्रतींतून एकदमच पुसली जाते. दोन विक्रेत्यांनी अट वाचून पुन्हा फोन केला नाही. तिसरा पुढच्या आठवड्यात येतो आहे.