‘आयडी आहे का?’

“डॉक्टरसाहेब, रात्री झोपच येईना, छातीत धडधड करायलंय.” बिलोली, कुंडलवाडी, देगलूरकडे दवाखाना चालवणाऱ्या कोणाला हे वाक्य नवे नाही. नाडी ठीक, रक्तदाब ठीक, ईसीजी ठीक. तंबाखूचे विचारतो, दारूचे विचारतो, अल्प्राझोलाम लिहितो आणि पुढच्याला बोलावतो. ‘मोबाईलवर पैसे लावता का?’ हे राहून जाते. यंदाचे संपादकीय त्या राहून गेलेल्या प्रश्नासाठी.

मांजरा ओलांडून बोधनकडे निघाले की तेलंगण. तिथे 2017 पासून पैशाच्या ऑनलाइन रमीला बंदी. पलीकडे अडवलेले ॲप अलीकडे मात्र बिनदिक्कत उघडायचे. 22 ऑगस्ट 2025 रोजी पैशाचे ऑनलाइन खेळ बंद करणाऱ्या केंद्राच्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली आणि ड्रीम इलेव्हनसारख्यांनी पैशाचे डाव गुंडाळले. पण क्रिकेटचा सट्टा मुळात कुठल्या परवान्यावर चालत होता? तो चालतो ‘आयडी’वर. ओळखीतल्या कोणाला व्हॉट्सॲप करायचे, यूपीआयने रक्कम टाकायची, लॉगिन हातात. कंपनी गेली तरी आयडी देणारा गावातच असतो.

मटक्याचा काळ पाहिलेले ज्येष्ठ सहकारी म्हणतात, हे तेच जुने. तेच नाही. मटक्यात ओपन आणि क्लोज, मधे तासन् तास वाट पाहणे. वीस षटकांच्या सामन्यात दोन्ही डाव मिळून 240 चेंडू, आणि सामना चालू असताना डाव पुन्हापुन्हा लावता येतो. बक्षीस कधी लागेल याचा नेम नाही, निकाल मात्र लगेच. थोडक्यात हुकलेला डावसुद्धा माणसाला चेतवतो. 2013 साली डीएसएम-5 ने जुगाराच्या विकाराला दारू-अफूच्या पंक्तीला बसवले ते उगाच नाही. आयसीडी-11 मध्ये तर ऑनलाइन जुगाराला स्वतंत्र उपसंकेत आहे.

2023 मध्ये नागपूरच्या एका व्यापाऱ्याची तक्रार गाजली: पाच कोटी जिंकले, अठ्ठावन्न कोटी गेले. आपल्या रुग्णाचे आकडे फार लहान असतील. पण त्याच्या तोंडचे वाक्य वेगळे नसते: ‘गेलेला पैसा तेवढा काढायचाय.’ हा सूर लागला की कान टवकारावेत.

आयपीएल संपते ते मेअखेर, जूनच्या तोंडावर. नेमके तेव्हाच बियाणे आणि खत घ्यायचे असते. सोयाबीनच्या पेरणीला पैसा नाही आणि का नाही ते बायकोला सांगता येत नाही, असा माणूस आपल्यासमोर पोटदुखी घेऊनच बसणार.

विचारायला वेळ लागत नाही. 1997 पासून वापरात असलेली ‘लाय-बेट’ चाचणी दोनच प्रश्नांची आहे: दिवसेंदिवस जास्त रक्कम लावावीशी वाटली का? किती लावता याबद्दल घरच्यांशी खोटे बोलावे लागले का? एकाला जरी होकार आला तरी खुर्ची जवळ ओढा. आधी सांगा, की 2025 च्या कायद्यात शिक्षा खेळवणाऱ्याला, जाहिरात करणाऱ्याला आणि पैसे फिरवणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. पोलिसांच्या धास्तीने गप्प बसलेला माणूस त्यावर बोलू लागतो.

मग जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येतात का, ते सरळ शब्दांत विचारा. विचारल्याने ते डोक्यात शिरतात ही आपल्याच मंडळींतली जुनी भीती, तिला आधार नाही. उत्तर होकारार्थी असेल तर त्याला एकटे सोडू नका, फवारणीचे औषध त्याच दिवशी घरातून हलवायला लावा आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवा. टेली-मानसचा 14416 हा क्रमांक चिठ्ठीवर लिहून द्या.

जाता जाता एक. पार्किन्सनच्या म्हाताऱ्याला अचानक पैसे लावायची हौस सुटली तर संस्कार काढण्याआधी प्रॅमिपेक्सोल किंवा रोपिनिरोल चालू आहे का ते बघा.

घरचे हमखास विचारतील, शेत विकून कर्ज एकदाचे मिटवून टाकू का? घाई करू नका म्हणा. कर्जाची पाटी कोरी झाली की पुन्हा डाव लावायला हात मोकळा होतो. आधी यूपीआय आणि एटीएम कार्ड घरातल्या दुसऱ्याच्या हाती, आयडी देणाऱ्याचा नंबर बंद, मग कर्जाची यादी. त्या यादीत पहिल्या भेटीत तो बहुधा सगळी नावे सांगणार नाही. पुढची तारीख आठवड्याच्या आतली द्या.