लसीचे पैसे आधी कोणी द्यायचे?

२०१८ च्या पावसाळ्यात भिलाईत डेंग्यूची मोठी साथ आली, तेव्हा मी येथेच नेमणुकीवर होतो. १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून उभे राहिलेले हे शहर. आखीव सेक्टर, रुंद रस्ते आणि भरपूर झाडी पाहून नवा माणूस खूश होतो. मात्र कारखान्याच्या वसाहतीला लागूनच खुर्सीपार, छावणी अशा दाट वस्त्या आहेत आणि साथीचा जोर तेथेच होता. एका रविवारी रात्री आमच्या कचेरीतील एका कर्मचाऱ्याचा फोन आला, “साहब, बिटिया के प्लेटलेट गिर रहे हैं.” त्या रात्री आम्ही दोघे रक्तपेढीच्या बाकावर पहाटेपर्यंत बसून होतो. मुलगी वाचली. तिच्याच गल्लीतील एक मुलगा वाचला नाही.

पुढे काही आठवडे घरोघरच्या कूलरमधील पाणी उपसण्याची मोहीम चालली. ती आवश्यकच होती. एडिस जातीचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो व दिवसा चावतो. शिवाय त्याची अंडी कोरड्या टाकीच्या कडेला महिनोन्‌महिने तग धरतात. म्हणजे उन्हाळा संपला की नुसते पाणी ओतून भागत नाही, टाकी घासावी लागते. पण ज्या वस्तीत नळाला दिवसातून ठरावीक वेळच पाणी येते, तेथे ‘पाणी साठवू नका’ हा उपदेश मला तेव्हाही ओशाळवाणा वाटे.

मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी. विषाणुशास्त्र मला वाचून जेवढे समजले तेवढेच. डेंग्यूचे विषाणू चार प्रकारचे आहेत आणि एकाचा संसर्ग होऊन गेलेल्यास दुसऱ्या प्रकाराचा संसर्ग अधिक घातक ठरू शकतो. त्यामुळे लस चारही प्रकारांवर सारखी चालली पाहिजे. जिवंत पण दुर्बळ केलेले चार विषाणू एकत्र टोचले, तर शरीरात त्यांतील एखादा अधिक वाढतो व बाकीचे मागे पडतात, ही अडचण असते. म्हणून काही शास्त्रज्ञांनी दुसरी वाट धरली. अख्खा विषाणू न घेता त्याच्या आवरणातील प्रथिनाचा नेमका भाग निवडायचा, त्याचे जनुक यीस्टमध्ये घालायचे आणि यीस्टकडून ते प्रथिन करवून घ्यायचे. यात विषाणूच नसल्याने कोणी कोणावर कुरघोडी करण्याचा प्रश्न उरत नाही. उलट बाजू अशी की प्रतिकारशक्ती जागी करण्यासाठी सोबत उत्तेजक द्रव्य व अधिक मात्रा लागतात. दिल्लीच्या आयसीजीईबी या संस्थेत नवीन खन्ना यांच्या गटाने अशी चारही प्रकारांची लस प्राण्यांवरील प्रयोगांपर्यंत नेली. २०१६ मध्ये तिच्या विकासासाठी एका मोठ्या भारतीय औषध कंपनीशी करारही झाला. दवाखान्यात मिळेल अशी कुपी मात्र अजून आलेली नाही.

हे तंत्र आपल्याला नवे नाही. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ मध्ये यीस्टमधूनच कावीळ-ब ची लस काढली आणि आयात लसीची चढी किंमत कोसळली. त्या धडपडीत केंद्र सरकारच्या टेक्नॉलॉजी डेव्हलपमेंट बोर्डाचे साहाय्य होते, ही गोष्ट आम्हा सरकारी मंडळींनी विसरू नये. (आमच्या हातून घडलेल्या चांगल्या गोष्टी तशाही फार थोड्या लोकांना आठवतात!)

मग डेंग्यू, चिकुनगुनियाच्या बाबतीत घोडे कोठे अडते? बार्शीचे उदाहरण घ्या. १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील या गावी चिकुनगुनियाची साथ आली आणि नंतर हा रोग देशातून जणू नाहीसाच झाला. तो उगवला २००५ च्या अखेरीस, व २००६ मध्ये देशभरात सुमारे १४ लाख संशयित रुग्ण नोंदले गेले. मधल्या बत्तीस वर्षांत एखाद्या उद्योजकाने लस काढली असती तर तो बुडाला असता. मागणी केव्हा आणि किती येईल हे कोणीच सांगू शकत नाही, आणि जेव्हा येते तेव्हा ग्राहकाच्या खिशात पैसे नसतात. ज्यांच्याकडे पैसे आहेत त्यांच्यासाठी लस निघते. अमेरिकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये विषाणूसदृश प्रथिनकणांची चिकुनगुनिया लस मान्य केली. ती तेथे प्रामुख्याने परदेशी जाणाऱ्या प्रवाशांच्या उपयोगाची आहे. बार्शीचा हमाल आणि खुर्सीपारची धुणेवाली त्या हिशेबात बसत नाहीत. त्याच वर्षी हैदराबादच्या बायॉलॉजिकल ई कंपनीशी गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांसाठी करार झाला. हे स्वागतार्ह आहे, पण येथेही खरेदीदार कोण, हा प्रश्न उरतोच.

माझ्या मते तो सरकारने व्हावे आणि आधीच व्हावे. अमुक गुणवत्तेची लस सिद्ध झाल्यास अमुक मात्रा अमुक दराने घेऊ, असे लेखी वचन द्यावे. न्यूमोकॉकस लसीसाठी २००९ मध्ये काही देश व संस्थांनी मिळून दीड अब्ज डॉलरचे असे वचन दिले होते. आमच्या वित्तीय नियमांत मात्र जी वस्तू अद्याप अस्तित्वातच नाही तिच्या खरेदीला रकाना नाही. मार्चअखेर न खर्चलेले अनुदान परत जाते, आणि सर्वांत कमी दराच्या निविदेशिवाय दुसरे काही सुचवणारा अधिकारी लेखापरीक्षकाच्या नजरेत येतो. मीही अशा टिपणांवर ‘नियमात बसत नाही’ असे लिहिलेले आहे.

घाईचा धोकाही मला ठाऊक आहे. फिलिपाइन्सने २०१६ पासून आठ लाखांहून अधिक मुलांना डेंग्यूची लस दिली. पूर्वी डेंग्यू न झालेल्यांत ती रोग बळावू शकते, असे कंपनीनेच नोव्हेंबर २०१७ मध्ये जाहीर केले. अधिकाऱ्यांवर खटले झाले. त्याहून वाईट म्हणजे पालकांचा गोवरासारख्या जुन्या लसींवरचाही विश्वास उडाला. म्हणून खरेदीचे वचन देताना दोन अटी हव्यात: पैसे लस सिद्ध झाल्यावरच मिळतील, आणि टोचलेल्या मुलांचा पाठपुरावा काही वर्षे चालेल, ज्याचा खर्च त्याच करारात आधी धरलेला असेल.