रडारवर हिवरखेडही ठेवा

तुमच्यापैकी बऱ्याच जणांची रात्र वादळामागे गाडी पळवण्यात जाते, हे माहीत आहे. रोब्लॉक्सवरचा ‘ट्विस्टेड’ उघडायचा, डिस्कॉर्डवर चौघांनी जमायचं. एक गाडीवर, एक नकाशावर, एकाची नजर आभाळाकडे आणि एक रडारवर. टीम चालवणं काय असतं ते चालवणाऱ्यालाच कळतं. ‘डावीकडे घे’, ‘उजवीकडे घे’ असं दोघं एकदम ओरडले की गाडी थेट वादळाच्या पोटात. म्हणून आमचा नियम होता : रस्ता फक्त नकाशावाला सांगणार, आणि रडारवरून ‘निघा’ आलं की वाद न घालता निघायचं. रडारवर मी.

घरचे याला टाइमपास म्हणतात. मला नाही पटत. रडारच्या चित्रात ढगाला हूकसारखं शेपूट दिसलं की आत वारा फिरतोय, हे मला वर्गात नाही, या गेममध्ये कळलं.

पण मागच्या एप्रिलमधली एक संध्याकाळ सांगते. आमचा नकाशावाला तेल्हारा तालुक्यातल्या हिवरखेडचा. ऐन पाठलागात तो ऑफलाइन झाला. आम्ही त्याच्या नेटला शिव्या घातल्या आणि तिघंच खेळत राहिलो. तासाभराने त्याचा फोन. गावात वादळ झालं होतं, लाइन गेलेली, घरची केळी आडवी. वडील वावरातच होते, मोटारीच्या खोलीत शिरले म्हणून वाचले. ‘‘तुमी अमेरिकेतलं वादळ पाहून रायले होते, अन् इकडं माह्यं वावर झोपलं,’’ तो म्हणाला. माझ्या फोनमध्ये ‘दामिनी’ ॲप होतं. मी ते उघडलंही नव्हतं.

आपल्याकडे गेममधल्यासारखं फिरतं वादळ क्वचितच. पण ढगातून थंड वारा धाडकन खाली येतो, जमिनीवर चहूबाजूंना पसरतो आणि झाडं, टिनपत्रे घेऊन जातो. सोबत वीज, कधी गारा. 9 एप्रिल 2023 ला बाळापूर तालुक्यातल्या पारसमध्ये मंदिराच्या टिनशेडवर कडुनिंबाचं मोठं झाड पडलं. पावसापासून आडोसा म्हणून लोक त्या शेडखाली थांबले होते. सात जण गेले.

मग रडार काय करतं? नागपूरच्या डॉप्लर रडारपासून हिवरखेड सरळ रेषेत दोनशे किलोमीटरहून लांब. पृथ्वी गोल, त्यामुळे इतक्या अंतरावर रडारचा किरण जमिनीच्या काही किलोमीटर वरून जातो. ढगाचा माथा दिसतो, खाली वावरात काय चाललंय ते नाही. तिथे माणसाचे डोळेच लागतात. आणि ती सवय तुमच्या टीमला आधीच आहे : कुणी बघायचं, कुणी सांगायचं, कुणाचं ऐकायचं.

फक्त दिशा उलटी करायची. गेममध्ये वादळाकडे जातो, इथे लोकांना त्यापासून लांब न्यायचं. मोबाइल धरून रस्त्यावर उभं राहून रील काढणाऱ्यांनो, एक नाव ऐकून ठेवा : टिम समारास. वादळाच्या वाटेत यंत्रं ठेवून मोजमाप घेणारा, अत्यंत सावध समजला जाणारा अमेरिकन संशोधक. 31 मे 2013 ला एल रिनोच्या वादळात तो, त्याचा मुलगा आणि सहकारी, तिघंही गेले. तिथे रिस्पॉन लागत नाही.

पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ आपल्या जागेपासून 20 आणि 40 किलोमीटरच्या टापूत वीज पडत असेल तर सांगतं. हवामान विभाग पुढच्या तीनेक तासांचा जिल्हावार इशारा देतो. नेट गेलं तर मोजा : वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत तीस सेकंदांहून कमी वेळ लागला, तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे. वावर सोडा, पक्क्या घरात जा. झाडाखाली नाही, टिनाखाली नाही.

चैत्र-वैशाखात आमच्या टीममध्ये आता रडारवाल्याच्या समोर दोन पडदे असतात. दुसऱ्यावर अकोला जिल्हा. तिथे वीज दिसली की गेम तिथेच थांबवून फोन करायचे, प्रत्येकाकडे घरं वाटून दिलेली. नकाशावाल्याच्या वडिलांकडे साधा फोन आहे, त्यांना मी करते. पहिल्यांदा केला तेव्हा आधी ते काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, ‘‘पोरी, तू अकोल्यात बसून आमच्यावरचा ढग कसा काय पाहून रायली व?’’