हवा धरलेले इंजिन
शास्त्री नदीच्या मुखावरील जयगड बंदरात, १ जूनपासून सुरू होणाऱ्या पावसाळी मासेमारीबंदीत निपचित पडून राहिलेल्या नौकेचे जुने डिझेल इंजिन हंगामाच्या तोंडावर सुरू होईनासे झाले, की पहिली आरोपी ठरते ती बिचारी बॅटरी. स्टार्टर इंजिनाला रडतखडत फिरवत असेल तर तो आरोप रास्तही असतो, कारण डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसून सिलिंडरमधील हवा सुमारे १६ ते २० पट दाबली गेल्याने तापते आणि त्या उष्णतेवरच इंधन पेटते, म्हणून वेग कमी पडला की हवा पुरेशी तापत नाही. इंजिन जोमाने फिरूनही पेटत नसेल, तर धुराकडे पाहावे: पांढरा धूर म्हणजे इंधन पोचते पण जळत नाही, आणि धूरच नसणे म्हणजे बहुधा ते पोचतच नाही. या दुसऱ्या दोषाचे मूळ टाकीकडे असते. अर्धवट भरलेल्या टाकीत दमट हवेतील बाष्पाचे पाणी होऊन तळाशी साचते, फिल्टर गाळाने तुंबतो, आणि सैल जोडातून नळीत शिरलेली हवा पंपाच्या दाबाखाली नुसती आकसते, इंधन पुढे ढकलत नाही. यालाच 'हवा धरणे' म्हणतात. अशा वेळी पाणी काढून, फिल्टर बदलून, त्यावरील स्क्रू किंचित सैल करून हातपंप मारत राहावा. आधी फसफसता फेस येतो, मग बुडबुडे विरळ होतात, आणि अखंड धार लागली की स्क्रू आवळावा. हवेच्या तोंडात ईथर फवारण्याची युक्ती मात्र करू नये. अवेळी पेटलेल्या ईथरने पिस्टन फुटू शकतो.